शंभरातले दोन

गेमचं नवं मशीन येणार होतं आणि त्यात जुन्या मशीनच्या डिस्क चालाव्यात की नाही, यावर कंपनीत तीन महिने खल चालला होता. शेवटी, आकडेमोडीत ज्याचा हात कोणी धरू शकत नसे, त्या विभागप्रमुखानं बैठकीत तक्ताच दाखवला. “जुने गेम शंभरातले दोघंच खेळतात. त्या दोघांसाठी प्रत्येक मशीनमध्ये जादा चिप कशाला घालायची?”

“पण दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं,” विक्री सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या.

“विचारायला काय जातंय! घरी गेल्यावर डिस्कवरची धूळसुद्धा कोणी झटकत नाही.”

सगळे हसले. चिप गेली. मशीन बाजारात आलं आणि दुकानादुकानांत पडून राहिलं.

“अरे, तुम्हा ऑफिसवाल्यांना अर्ध्या किमतीत मिळतंय ना?” एका रविवारी विभागप्रमुखाला त्याच्या बायकोनं विचारलं. “मग आपल्याकडे अजून कसं नाही आलं?”

त्यानं टीव्हीखालच्या कप्प्याकडे पाहिलं. तिथे त्याच्या त्रेसष्ट जुन्या डिस्क ओळीनं उभ्या होत्या. “त्यात ह्या चालत नाहीत गं.”

“ह्यांतली शेवटची कधी लावली होतीस?”

त्यानं आठवून पाहिलं. लग्नाच्या आधी. म्हणजे न खेळणाऱ्या अठ्ठ्याण्णवांत पहिला नंबर त्याचाच.



“लावत नाही मी,” तो ओशाळून म्हणाला, “पण चालायला नकोत का?”