खातं उघडेना

"बाबा, आजही ‘प्रवेश नाकारला’ म्हणतंय मेलं!" फोनवर लेक कुरकुरली.

लिनक्सवरचे डेटाबेस सांभाळण्यात यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर घरचे सगळे जुने फोटोही यांनी तसेच एका डेटाबेसात लावले आणि आम्हा तिघांना खाती काढून दिली. पुढे लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि आठ महिने बापलेकीत अवाक्षर नव्हतं. सोमवारी तिला लहानपणीचा एक फोटो हवा झाला, खातं उघडेना, म्हणून तिने थेट यांनाच फोन लावला.

तेव्हापासून रोज सहाच्या ठोक्याला फोनवर दुरुस्ती चालते. यांनी पासवर्ड बदलला, परवानग्या तपासल्या, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

"अहो, जगाची खाती उघडून दिलीत, पोटच्या पोरीचं उघडेना?" मी म्हटलं, तर माझ्यावरच डोळे वटारले.

आज चौथ्या दिवशी यांनी घसा खाकरला. "सापडलं. तुझं खातं फक्त या घरातल्या कॉम्प्युटरवरूनच उघडेल, असं मीच करून ठेवलं होतं. एक ओळ बदलली की झालं."

"ठाऊक आहे, बाबा. मीही हेच काम करते. सोमवारीच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू, तुम्ही नुसती ओळच बदलता की काय."

यांनी कीबोर्ड बाजूला सारला.



"ओळ राहू दे तशीच. जावईबापूंना घेऊन घरी ये."