सोबतीला नाव विचारू नये

सोमवारी दुसऱ्या तासाला शिपाई एका म्हातारीला घेऊन वर्गात आला. "बाई, सोबती आल्या," एवढं बोलून तो घंटा द्यायला पळाला.

बाईंच्या हातातला खडू मोडला. नोकरीला दोन वर्षं होत आली होती. सोबतीने चांगला शेरा दिला तर कायम, नाहीतर चला घरी. आणि घरी अंथरुणाला खिळलेले वडील.

वर्गात मागे बसून शिक्षकाचं शिकवणं बघणाऱ्या या माणसाला पूर्वी तपासनीस म्हणत. मग तो मार्गदर्शक झाला, मग कोच. यंदा सोबती. "चार बारशी झाली, बाळ तेच," चित्रकलेचे सर म्हणायचे.

नवं परिपत्रक होतं. सोबतीने शिकवू नये, चुका काढू नयेत, नुसते प्रश्न विचारावेत. सोबतीला नाव-हुद्दा कुणी विचारू नये, शिक्षकाला दडपण येतं. आता दडपण नाव कळल्याने येतं की न कळल्याने, हे वरच्यांना कोण विचारणार!

म्हातारी शेवटच्या बाकावर, खिडकीकडच्या घुम्या पोरीशेजारी टेकली. मांडीवर खाकी लिफाफा. मुख्याध्यापक डोकावले तशी ती लिफाफा पुढे करत उठली.

"छे छे, बसा. तुमचा कागद शुक्रवारी. आधी आठवडाभर बघा तर खरं."

"बघते की. माझं काय जातंय?"

तास संपल्यावर बाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "कसं वाटलं?"

"फळा पोरांपेक्षा हुशार आहे का हो? अख्खा तास त्याच्याशीच बोलत होतात, म्हणून विचारते."

बाई ओशाळल्या. प्रश्न वहीत उतरवून घेतला.

मंगळवारी म्हातारीने विचारलं, "आठ मोठे की चार?"

"आठ."

"मग आठवा भाग चौथ्यापेक्षा लहान कसा? मला तरी नाही बाई कळलं."

काय बेमालूम सोंग घेतात, बाईंना वाटलं. प्रशिक्षणात या युक्तीवर एक अख्खी दुपार गेली होती. बुधवारी त्यांनी कागदाच्या पट्ट्या आणल्या. पोरांनी घड्या घातल्या, फाडल्या, एकमेकांशी भांडून मोजल्या. घुमी पोरगी मात्र म्हातारीला खेटून नुसती बघत राहिली. तीन दिवसांत हिचाही विश्वास मिळवला, बाईंना नवल वाटलं.

गुरुवारी प्रश्न आला, "या पोरीचा आवाज कसा आहे हो?"

आठ महिन्यांत बाईंनी तो ऐकलाच नव्हता. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी परत गेला.

शुक्रवारी शेवटच्या तासाला खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस दारात आला. "पालकांनी बाहेर थांबावं," बाई म्हणाल्या. तो मुकाट्याने खिडकीशी जाऊन उभा राहिला.

बाईंनी खडू खाली ठेवला. मागच्या बाकापाशी उकिडव्या बसल्या आणि पट्टी पोरीच्या हातात दिली. वाट पाहिली. वर्ग चुळबुळला, तरी वाट पाहिली.

पोरीने पट्टी फाडली. पुन्हा फाडली. मग पुटपुटली, "वाटेकरी वाढले की वाटा घटतो."

म्हातारीने चष्मा काढून पुसला.

घंटा झाली तसा खिडकीतला माणूस आत आला. "माफ करा, आठवडाभर तापाने पडलो होतो. मी सोबती. तास खिडकीतून पाहिला. शेरा आजच लिहितो, बाई कायम."

बाई वळल्या. "मग तुम्ही कोण?"

म्हातारीने लिफाफ्यातून कागद काढला. "हिची आजी. 'या बाईच्या वर्गातून माझ्या नातीचं नाव काढा' म्हणून अर्ज घेऊन सोमवारपासून बसलेय, कुणी हातात घेईल तर शपथ!" तिने अर्जाचे चार तुकडे केले, मग आठ, आणि बाईंच्या ओंजळीत टाकले. "घ्या, पुढच्या तासाला होतील."