शब्दन्‌शब्द

“‘भिऊ नका लेकरांनो, मेंढपाळाला कोंडलं तरी कुरणाला कुलूप लागत नाही.’ हितं पाळकसाहेब खोकलं. मग म्हणलं, ‘मागच्या बायांनो, ऐकू येतंय ना?’”

तातोबा डोळे मिटून सांगत होते आणि रूथ वहीत उतरवत होती. संस्थानात परवान्याशिवाय उपदेश करायला बंदी होती. तिचे वडील प्रेस्बिटेरियन मंडळीचे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती चर्चचे, पाळक. ते उघड्या माळावर बोलत राहिले, पकडले गेले आणि तुरुंगातच वारले. तेव्हा ती पाळण्यात होती. वडिलांचं बोलणं चाळीस वर्षांनी तिला पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं, दर रविवारी या म्हाताऱ्याच्या तोंडून.

“खोकलासुद्धा ध्यानात आहे तुमच्या!” रडता रडता ती हसली. “आबा, किती जीव होता हो तुमचा त्यांच्यावर! मंडळीतलंच माणूस तुम्ही.”

मागचे सहा रविवार हे ऐकून तातोबा गप्प बसले होते. आज तिनं पुढं केलेला चहा त्यांनी बाजूला ठेवला.

“न्हाई गं पोरी. मी संस्थानचा शिपाई हुतो. लिवायला येत नव्हतं, म्हणून सगळं पाठ केलं. कोर्टात त्यांच्याविरुद्ध सांगायला.”