शिपायांसकट

कोर्टातल्या कर्मचाऱ्यांचा वेतनश्रेणीचा दावा उच्च न्यायालयात रखडला होता. अखेर सरकारनं तडजोड सुचवली: लिपिकांना वाढीव श्रेणी देऊ, शिपाई आणि बेलिफांना वगळा. सातारा-सांगलीतले बहुतेक लिपिक लगेच तयार झाले. संघटनेच्या अध्यक्षा विजयमाला मोहिते स्वतः लिपिक होत्या, पण त्या सही करेनात. "हातातोंडाशी आलेलं घालवणार तुम्ही!" सहकारी चिडले. शिपाई कोंडीबाच म्हणाला, "आवं ताई, करा सही. आमचं आमी बघू." "सगळ्यांना, न्हाईतर कुणालाच नको," त्या म्हणाल्या. वर्षभर लिपिक त्यांच्याशी धड बोलले नाहीत. आज निकाल आला: वाढीव श्रेणी सगळ्यांना, शिपायांसकट. कोंडीबा धावतच व्हरांड्यात गेला आणि पक्षकारांना पुकारायच्या खणखणीत आवाजात ओरडला, "विजयमालाताई मोहिते हाजिर व्हाऽऽ!" त्या बाहेर आल्या, तेव्हा न्यायाधीशांसाठी उठतात तसे सगळे शिपाई, बेलिफ आणि लिपिकही उभे होते.