ताशी पंधरा

“हिला स्पोकच नाहीत,” पुतणी म्हणाली. “लोहचुंबक लावू कुठे?”

काकांना ऐकू गेलं नाही. ते बेडकीची सीट पुसत होते. बेडकी म्हणजे रोपवाटिकेतली चार फुगीर चाकांची मोटारसायकल. ना दार, ना छप्पर, रोपांचे ट्रे ठेवायला पुढेमागे दोन जाळ्या, आणि वेगाचा काटा द्यायला तेवढा बनवणारा विसरलेला. काकांचं एकोणीस वर्षं त्यावाचून काही अडलं नव्हतं. इंजिनाच्या सुरावरून ते वेग ओळखायचे. गेल्या वर्षी तापात दोन्ही कान गेले आणि सूरही गेला.

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं कागदावर लिहून दिलं होतं. हाक ऐकू येत नाही त्याचं तो बघणार होता, वाफ्यांतल्या बायकांना गाडी थांबवायला हलवायची लाल फडकी देणार होता. पण बायका खाली बसून काम करतात, तेव्हा गाडी ताशी पंधराच्या वर गेलेली चालणार नाही. आज दहा वाजता परीक्षा. दोन खांबांमध्ये शंभर मीटर, फेऱ्या तीन. चोवीस सेकंदांच्या आत पोचलात तर नापास. रांगत गेलात, तीसच्या वर लागले, तरी नापास, कारण रोपं उन्हात वाट बघत नाहीत. नापास म्हणजे उद्यापासून शेडमध्ये बसून पिशव्यांत माती भरायची.

“पिशव्या भरायला बसलो की बसलोच मी,” काका म्हणाले होते. हल्ली ते ओरडूनच बोलत, त्यामुळे हे सगळ्या रोपवाटिकेला माहीत होतं.

पुतणीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. स्वतःच्या सायकलीचा वेग दाखवणारा मीटर काढून ती सकाळी सातलाच आली होती. लोहचुंबक तिने रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलं, सेन्सर समोर पट्टीने आवळला, वायर हँडलपर्यंत नेली. चाक फिरवलं. मीटर शून्यावरच. सेन्सर नखभर आत सरकवला, तेव्हा कुठे आकडा हलला.

मग मीटरमध्ये भरायला चाकाचा घेर. तिने काकांना खुणेने गाडीवर बसवलं, जाळ्यांवर भरलेले ट्रे ठेवले. मऊ चाक वजनाने दबतं. रिकाम्या गाडीचं माप घेतलं की मीटर जन्मभर खोटं बोलतो, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. टायरवर खडूची रेघ मारून तिने गाडी बरोबर एक वेढा ढकलली आणि टेप लावली. एक मीटर सत्तर.

“कशाला एवढा खटाटोप?” काका म्हणाले. “पंधरा मला झोपेतसुद्धा कळतो. बघ.”

ते खांबापर्यंत जाऊन वळले आणि परत येताना एक हात वर करून ओरडले, “हा बघ पंधरा!”

ते शेजारून जाताना पुतणीने मीटर पाहिला. ते थांबल्यावर तिने फरशीवर खडूने लिहिलं. २३.

काका त्या आकड्याकडे बघत राहिले. कोणीतरी थोबाडीत मारावी तसा त्यांचा चेहरा झाला. पुतणीला वाटलं, झक मारली आणि मीटर आणला. तिला तर ते बरोबर ठरायला हवे होते.

“बिघडलाय मीटर,” ते म्हणाले. तिने नकारार्थी मान हलवली. मग काकांनी पायाने तो आकडा पुसला आणि गाडी चालू केली.

पुढचा तासभर ते त्याच पट्ट्यावर जात होते, येत होते. आधी त्यांचे डोळे मीटरवरून हलेनात. एकदा तर खांबावरच जाणार होते. मग हळूहळू नजर वर आली. साडेनऊला ते थांबले आणि त्यांनी डावा हात तिच्यापुढे धरला.

“पंधराला इथे मनगटात मुंग्या येतात,” ते म्हणाले. हे मात्र ते हळू बोलले. “सोळाला जातात.”

तिचे डोळे भरून आले. तिने उगाचच सेन्सरची पट्टी आणखी आवळली.

दहाच्या ठोक्याला मुकादम आला. खिशात लाल फडकं, हातात घड्याळ. काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सरळ मीटरवर घातली.

“अहो काका, मीटर झाकलाय,” मुकादम म्हणाला.

“त्यांना सांगून उपयोग नाही,” पुतणी म्हणाली.

पहिली फेरी सव्वीस. दुसरी पंचवीस. तिसरी पंचवीस.

मुकादमाने घड्याळ खिशात ठेवलं. काका मात्र वळून चौथ्या फेरीला निघालेही होते, ताठ बसून, टोपीकडे न बघता. जाळीतली रोपं मुळीच उसळत नव्हती. मुकादमाने थांबवायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि खिशातलं लाल फडकं काढून हात उंच केला.