मामाच्या हातचा घास

दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या दिगंबरचा हात पिशवीतल्या चांदीच्या वाटीवर दहादा जाऊन आला. उद्या भाचीचं उष्टावण. खिरीचा पहिला घास मामानेच भरवायचा. पण बहिणीने फोनवर बजावलं होतं, "सहा महिने झाल्याशिवाय बाळाला फ्लूची लस देत नाहीत, दादा. हिला पाचवाच चालू आहे. तू लस टोचून ये, नाहीतर धाकटा मामा भरवेल. त्याने कधीच घेतलीये."

सकाळपासून अंग कसकसत होतं. दिगंबरने मुकाट्याने तापाची गोळी गिळली होती.

"ताप, खोकला काही?" सिस्टरांनी विचारलं.

"छे! ठणठणीत आहे." म्हणतानाच त्याला ठसका लागला. सिस्टरांनी थर्मामीटर लावला. एकशे एक.

"आज लस नाही. ताप उतरल्यावर या."

"टोचून टाका हो! उद्या बाळाला घास भरवायचाय."

"लस लागू पडायलाच दोन आठवडे जातात. आणि हा ताप घेऊन बाळाला मांडीवर घेणार तुम्ही?"

दिगंबर उठला, बसला, पुन्हा उठला. बाहेर येऊन त्याने बहिणीला फोन लावला.

"मला ताप आहे. लपवून येणार होतो." त्याने वाटी पिशवीत आत सरकवली. "धाकट्यालाच भरवू दे."

पलीकडून बाळाचा हुंकार ऐकू आला.

"मुलीचं उष्टावण सातव्यातही चालतं, दादा," बहीण म्हणाली. "तोवर तिलाही लस देता येईल. वाटी तेव्हाच आण."