पेटी उघडली नाही

भर सभेत कमांडंट साहेबांना कुणी ‘नाही’ म्हणतं का? सासूबाईंच्या सुनेने म्हटलं. पेटीवर पंजा ठेवून, जशी काही तिच्या बापाचीच पेटी!

पेटी सासूबाईंची होती. आत त्यांच्या यजमानांनी आघाडीवरून पाठवलेली पत्रं. यजमान याच लष्करी अकादमीत कवायत शिकवायचे. लढाईवर गेले ते परत आले नाहीत. आज ती पत्रं अकादमीच्या दप्तरखान्यात जमा व्हायची होती, आणि दप्तरखाना सांभाळणारी त्यांचीच सून. म्हणजे घरचंच कार्य. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. साहेब एक पत्र वाचून दाखवणार होते.

“कीड तपासल्याशिवाय बाहेरचा कागद उघडत नाहीत, सर,” सून म्हणाली. “नियम आहे.”

कीड! ज्या घरात पिठाच्या डब्यात अळी सापडायची नाही, त्या घरच्या पेटीत कीड? मागे कुणीतरी फिसकन हसलं. सासूबाईंचे कान तापले.

“पेटी आठवडाभर तुमच्याकडेच होती ना?” साहेबांनी विचारलं.

“होती. तपासायचं राहून गेलं.”

“उद्या सकाळी माझ्या ऑफिसात या. दप्तरखान्याच्या चाव्या घेऊन.”

पाहुणे चहाकडे वळले. सासूबाई सुनेच्या मागोमाग दप्तरखान्यात शिरल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“नवरा गेल्यावरसुद्धा मी कुणापुढे मान खाली घातली नव्हती. आज तू घालायला लावलीस. दाखव कुठंय कीड!”

“आई, घरी जाऊन बोलू.”

“घरी तुझं तोंड बघायचंय कुणाला? उघड!”

सुनेने पेटी उघडली. एकेक पत्र हलक्या हाताने टेबलावर मांडलं. कीड नव्हतीच. अक्षरंही नव्हती. पिवळट कागदांवर कुठे एखादी पुसट रेघ, बाकी सगळं कोरं.

सासूबाईंनी खुर्चीत बसून एक कागद डोळ्यांजवळ धरला. दर उन्हाळ्यात गाद्यांबरोबर त्या ही पत्रंही उन्हात अंथरायच्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायच्या. दमट राहू नयेत, बुरशी धरू नये, म्हणून केवढी काळजी! उन्हाने शाई दरवर्षी थोडी थोडी उडत गेली. त्यांना वाटलं, आपलेच डोळे अधू होत चाललेत. तसं कुणाजवळ बोलणं म्हणजे कमीपणा, म्हणून त्या बोलल्या नाहीत. आणि वाचायची गरज होतीच कुठे? सगळी पत्रं पाठ होती.

“म्हणजे मीच पुसून टाकली ही?”

“सगळं गेलेलं नाही, आई. बाबांनी पेन दाबून लिहिलंय.” सुनेने टेबलावरचा दिवा कागदाच्या कडेशी आडवा धरला. कोऱ्या कागदावर बारीक खाचा उठल्या. ती अडखळत वाचू लागली, “थंडी फार... मोजे...”

“मोजे पोचले. एक लांब नि एक आखूड. घाईत विणलेस वाटतं,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेने दिवा सरकवून बघितलं. अगदी तेच होतं. तिला हसू आलं. “वेळ लागेल, पण सगळी पत्रं उतरवून काढता येतील.”

“मग हे साहेबांना का नाही सांगितलंस?”

“माईकसमोर? साहेब वाचून दाखवणार, हे मला तिथेच कळलं. त्यांनी कोरा कागद हातात धरला असता, आणि अख्खं सभागृह तुमच्याकडे बघत राहिलं असतं.”

“आणि उद्या चाव्या गेल्या म्हणजे?”

दिवा मालवून सुनेने पत्रं पुन्हा पेटीत ठेवायला घेतली.

बाहेर साहेबांचा आवाज येत होता. पाहुणे अजून गेले नव्हते. सासूबाई उठल्या. त्यांनी दार सताड उघडलं.

“ठेव ते, आणि चल. पत्रं मी उन्हात घातली, हे मी सांगणार, माझ्या तोंडाने, सगळ्यांदेखत. माझी अब्रू झाकायला सुनेची नोकरी लागावी, इतकी गरीब मी अजून झालेले नाही. आणि मधे एक अक्षर बोललीस तर याद राख!”